जुन्या लाईनी आणि नवी फायबर : बॉड, ६४ केबी, ई-१ यांचे एमबीपीएसमध्ये रूपांतर कसे करावे?

काळीमाती (परभणी जिल्हा)

नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या संगणक विभागात काम करतो. गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी कारखान्यातील जुनी सगळी जोडणी फायबरवर न्यायची आहे, आणि त्यासाठी संचालक मंडळापुढे एक तक्ता ठेवायचा आहे. जुन्या कोणत्या लाईनीची क्षमता किती होती आणि तिच्या जागी नवी किती घ्यावी लागेल, हे त्यात एकाच एककात दाखवायचे आहे.

अडचण अशी की जुन्या फायलींमध्ये प्रत्येक लाईनीची नोंद वेगळ्या भाषेत आहे. वजनकाट्याचा इंडिकेटर संगणकाला जोडला आहे, तिथे '९६०० बॉड' असे लिहिले आहे. सहवीजनिर्मिती विभागातील वीजमीटर आरएस-४८५ या सीरियल (एकामागून एक बिट नेणाऱ्या) तारेवर आहेत आणि तिथेही ९६०० हाच आकडा आहे. दूरध्वनीसाठी पीआरआय (एकाच तारेवर अनेक संभाषणे नेणारी अंकीय लाईन) आहे, त्यापुढे '३० चॅनल' एवढीच नोंद आहे. छत्रपती संभाजीनगरच्या कार्यालयाशी जोडणारी लीज लाईन 'दोन एमबी'ची आहे. नवीन दरपत्रकात मात्र सगळे आकडे एमबीपीएसमध्ये (सेकंदाला किती मेगाबिट) आहेत. विभागातील एक सहकारी १०२४ ने भागायला सांगतात, दुसरे १००० ने, आणि तिसऱ्यांचे म्हणणे असे की ८ ने भागल्याशिवाय खरा वेग कळतच नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

गोदाकाठ (नांदेड)

आपण प्रश्न योग्य वेळी विचारला आहे, कारण असे तक्ते घाईघाईने केले की चुकीच्या क्षमतेची लाईन घेतली जाते आणि मग पूर्ण हंगामभर तक्रारी चालू राहतात. मी दूरसंचार खात्यातून निवृत्त झालो आहे, म्हणून लीज लाईन आणि पीआरआय यांविषयी आधी लिहितो.

१००० की १०२४, याचे उत्तर सरळ आहे. तारेवरून जाणाऱ्या वेगाच्या मोजणीत किलो म्हणजे नेहमी १,००० आणि मेगा म्हणजे १०,००,०००. १०२४ चा संबंध संगणकाच्या स्मृतीशी आणि काही संगणक प्रणाली फायलींचे आकारमान ज्या पद्धतीने दाखवतात तिच्याशी आहे. लाईनीच्या वेगाशी नाही. हा घोळ मिटावा म्हणून आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने १९९८ मध्ये १०२४ च्या पटीसाठी किबी, मेबी असे वेगळे उपसर्ग ठरवून दिले, पण रोजच्या वापरात ते फारसे रुजले नाहीत.

गोंधळ होण्याचे आणखी एक कारण आपल्या 'दोन एमबी' लाईनीतच आहे. तिचा नेमका वेग २.०४८ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला २०,४८,००० बिट. २०४८ हा आकडा पाहून अनेकांना वाटते की हे दोन गुणिले १०२४ असणार. प्रत्यक्षात तो ३२ गुणिले ६४ मधून आलेला आहे. माणसाचा आवाज अंकीय रूपात पाठवण्यासाठी सेकंदाला ८,००० वेळा त्याचे मोजमाप घेतले जाते आणि प्रत्येक मोजमाप ८ बिटांत लिहिले जाते, म्हणून एका संभाषणाला ६४,००० बिट, म्हणजे ६४ केबीपीएस लागतात. अशा ३२ खिडक्या एकापाठोपाठ एक एकाच तारेवर बसवल्या की ई-१ तयार होते. त्यातील पहिली खिडकी दोन्ही टोकांचा ताळमेळ राखण्यासाठी आणि सतरावी संकेतनासाठी (दूरध्वनी जोडण्या-तोडण्याच्या सूचनांसाठी) राखलेली असते, म्हणून संभाषणे ३० होतात. आपल्या पीआरआयपुढे '३० चॅनल' लिहिलेले आहे ते यामुळेच. तारेच्या दृष्टीने आपली पीआरआय म्हणजे एक ई-१च आहे.

लीज लाईन मात्र कोणत्या प्रकारे दिली होती ते फायलीत पाहावे. विभागणी न करता पूर्ण ई-१ मिळाली असेल तर २,०४८ केबीपीएस, आणि खिडक्यांची रचना कायम ठेवून दिली असेल तर ३१ गुणिले ६४, म्हणजे १,९८४ केबीपीएस हाती येतात. एकेकाळी आपल्याकडे ६४, १२८, २५६ केबीपीएस अशा लाईनी मिळत, त्या याच खिडक्यांच्या पटीत असत. २००४ च्या धोरणात ब्रॉडबँडची किमान मर्यादा २५६ केबीपीएस ठरवली गेली, २०१३ मध्ये ती ५१२ झाली आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस झाली. खिडक्यांच्या हिशेबाने पाहिले तर आपण चारवरून आठवर आणि तिथून जवळजवळ एका पूर्ण ई-१ वर आलो.

आंतरजालावरील रूपांतर-यंत्रे वापरताना एक काळजी घ्यावी. त्यांत ई-१ आणि टी-१ असे दोन पर्याय शेजारी शेजारी असतात. टी-१ ही अमेरिकेतील पद्धत आहे. तिच्यात २४ खिडक्या असतात आणि वेग १.५४४ एमबीपीएस असतो. भारतात ई-१ ची श्रेणी वापरली जाते. त्या श्रेणीतही वरच्या पायऱ्यांवर साध्या गुणाकाराने काम होत नाही. चार ई-१ एकत्र केल्या की गुणाकार ८.१९२ येतो, पण ई-२ चा प्रत्यक्ष वेग ८.४४८ एमबीपीएस आहे, कारण थोड्या वेगवेगळ्या गतीने येणारे प्रवाह जुळवण्यासाठी जादा बिट घालावे लागतात.

बॉडविषयी इतर सदस्यांनी लिहावे.

बालाघाट (अंबाजोगाई)

गोदाकाठ यांनी पाया उत्तम घालून दिला आहे. मी तंत्रनिकेतनात शिकवतो आणि बॉड हा विषय दरवर्षी विद्यार्थ्यांना अडवतो, म्हणून तेवढाच भाग घेतो.

बॉड म्हणजे तारेवरील संकेत सेकंदाला किती वेळा बदलतो याची संख्या. त्या प्रत्येक बदलातून किती बिट पोहोचतात ही वेगळी बाब आहे. कारखान्याच्याच भाषेत सांगायचे तर ट्रॅक्टरच्या खेपा मोजणे आणि एका खेपेत किती टन ऊस आला हे मोजणे या दोन निराळ्या नोंदी आहेत; एका खेपेत टनभरच ऊस येत असेल तेव्हाच दोन्ही आकडे सारखे दिसतील.

वजनकाट्याच्या आरएस-२३२ या सीरियल तारेवर संकेताच्या दोनच पातळ्या असतात, म्हणून एका बदलात एकच बिट जातो आणि ९६०० बॉड म्हणजे ९,६०० बिट प्रतिसेकंद हे तिथे खरे ठरते. जुन्या मोडेमच्या बाबतीत ते खरे नव्हते. दूरध्वनीच्या तारेवर साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा मिळत असे, त्यामुळे बदलांची संख्या फार वाढवता येत नसे. मग प्रत्येक बदलात अधिक बिट भरण्याची युक्ती काढली गेली. व्ही.२२बिस या मानकात ६०० बॉडवर २,४०० बिट जात, म्हणजे बदलागणिक ४. व्ही.३२ मध्ये २,४०० बॉडवर ९,६०० बिट जात. त्या मोडेमला लोक '९६०० बॉडचा मोडेम' म्हणत, तो प्रत्यक्षात २,४०० बॉडचा होता. शेवटच्या काळातील ५६ के मोडेमचा आकडा तर गोदाकाठ यांच्या ६४ केबीपीएसमधूनच आला आहे : तेच सेकंदाला ८,००० नमुने, पण प्रत्येकातून भरवशाने पोहोचणारे बिट ७, म्हणून ५६,०००.

आता ८ ने भागण्याविषयी. काळीमाती यांचे सहकारी बिटांवरून बाइट काढू पाहत आहेत आणि सर्वसाधारणपणे ते योग्य आहे, पण सीरियल तारेवर ८ ने भागून चालत नाही. तिथे प्रत्येक अक्षरापूर्वी एक आरंभ-बिट आणि अक्षरानंतर किमान एक अंत-बिट जातो. म्हणून आठ बिटांचे अक्षर पाठवायला दहा बिट लागतात आणि ९,६०० बिटांच्या तारेवरून सेकंदाला ९६० अक्षरे जातात, १,२०० नाही. वीजमीटरच्या तारेवर मॉडबस आरटीयू (मीटरशी संवाद साधण्याची एक ठरलेली पद्धत) असेल तर अकरा बिट धरावे लागतात, कारण त्या मानकात समता-बिट (चूक ओळखण्यासाठीचा बिट) किंवा त्याऐवजी दुसरा अंत-बिट अपेक्षित असतो.

हे अकरा बिट प्रत्यक्षात कसे भासतात ते पाहा. एका मीटरकडून दहा नोंदी मागवायच्या असतील तर विचारणा ८ बाइटची आणि उत्तर २५ बाइटचे असते. एकूण ३३ बाइट, म्हणजे ३६३ बिट. ९,६०० च्या वेगाने त्यांना सुमारे ३८ मिलिसेकंद लागतात. प्रत्येक संदेशानंतर साडेतीन अक्षरांएवढी शांतता पाळावी लागते, ती सुमारे ४ मिलिसेकंदांची. विचारणा आणि उत्तर अशा दोन संदेशांनंतरची शांतता धरून एका मीटरला ४६ मिलिसेकंद लागतात, आणि मीटर स्वतः उत्तर देण्यासाठी जो वेळ घेतो तो याहून निराळा. दहा मीटर एकाच तारेवर असतील तर एका फेरीला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ जाणारच, मग पुढे फायबर कितीही वेगवान असो. संचालक मंडळाला हे आधीच सांगून ठेवावे, म्हणजे फायबर आल्यावरही मीटरचे आकडे तेवढ्याच वेळाने का बदलतात असा प्रश्न नंतर उभा राहणार नाही.

शिवार (जालना)

सर, मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आपल्या हिशेबाने ९,६०० बिट म्हणजे ०.००९६ एमबीपीएस झाले. मग १०० एमबीपीएसच्या जाळ्यावर असे दहा हजारांहून अधिक वजनकाटे एकाच वेळी चालू शकतील, असे म्हणता येईल का?

बालाघाट (अंबाजोगाई)

भागाकार बरोबर आहे, पण निष्कर्ष टिकणार नाही, आणि या धाग्यातील सर्वात महत्त्वाचा मुद्दा इथेच आहे असे मला वाटते. सीरियल तारेवरील अक्षरे इथरनेटवर, म्हणजे संगणकांच्या जाळ्यावर, जशीच्या तशी जात नाहीत. त्यांना आयपी (पत्ता लिहिणारा नियम) आणि टीसीपी (पोच घेणारा नियम) यांची आवरणे चढतात, आणि पाठवायचा मजकूर जेवढा लहान तेवढा आवरणांचा भार मोठा होतो.

समजा इंडिकेटर १६ अक्षरांची वजनाची एक ओळ सतत पाठवत आहे. ९६० भागिले १६, म्हणजे सेकंदाला ६० ओळी. प्रत्येक ओळ स्वतंत्र पाकिटात गेली असे धरू. १६ बाइट मजकूर, टीसीपीचे २०, आयपीचे २०, इथरनेटचे पुढचे १४ आणि तपासणीचे ४ मिळून ७४ बाइट होतात. त्याआधी ८ बाइटचा आरंभ-संकेत आणि त्यानंतर १२ बाइटएवढी मोकळी जागा लागते, म्हणून तारेवर एकूण ९४ बाइट खर्च होतात. ९४ गुणिले ८ गुणिले ६० केले की ४५,१२० बिट येतात. म्हणजे ९.६ केबीपीएसच्या प्रवाहाने इथरनेटवर ४५ केबीपीएस जागा घेतली, आणि उलट दिशेने पोच देणारी पाकिटे जातात ती वेगळीच. सीरियल ते इथरनेट परिवर्तकात अक्षरे थोडा वेळ साठवून मग एकत्र पाठवण्याची सोय असते. ती वापरली की हा भार बराच कमी होतो, मात्र वजन पडद्यावर दिसायला तेवढा उशीर लागतो. काट्यावर उसाची गाडी उभी आहे, चालक खाली उतरून पावतीची वाट पाहत आहे आणि मागे रांग लागलेली आहे, अशा वेळी किती उशीर चालेल हे कारखान्यानेच ठरवायचे आहे. माझ्या मते काट्यासाठी उशीर कमी ठेवावा आणि भार खुशाल वाढू द्यावा, कारण ४५ केबीपीएस आज काहीच नाही.

गोदाकाठ (नांदेड)

बालाघाट यांनी आवरणांचा जो मुद्दा मांडला, तो पीआरआयला याहून अधिक जपून लावावा लागतो, कारण तिथे खर्चाचा आणि तक्रारींचा प्रश्न आहे. पीआरआय काढून त्या जागी आयपीवरील दूरध्वनी घेताना 'जुनी दोन एमबी होती, नवीही दोन एमबी घ्या' असे सर्रास सांगितले जाते. ते चुकीचे आहे.

ई-१ मध्ये प्रत्येक संभाषणाची खिडकी ठरलेली असते, त्यामुळे बिटांवर पत्ता लिहावा लागत नाही. आयपीमध्ये प्रत्येक पाकिटावर पत्ता लागतो. जी.७११ ही आवाजाची पद्धत तीच, ६४ केबीपीएसची. दर २० मिलिसेकंदांना एक पाकीट, म्हणजे सेकंदाला ५० पाकिटे आणि प्रत्येकात १६० बाइट आवाज. त्यावर आरटीपी, यूडीपी आणि आयपी या तीन आवरणांचे अनुक्रमे १२, ८ आणि २० बाइट चढले की २०० बाइट होतात आणि ६४ चे ८० केबीपीएस होतात. इथरनेटची १८ बाइट धरली की ८७.२. अशी ३० संभाषणे एकाच वेळी चालली तर २.६ एमबीपीएसहून थोडे अधिक लागतात, आणि तेही दोन्ही दिशांना. दोन एमबीपीएसमध्ये ती बसणार नाहीत. साधारण बाविसाव्या-तेविसाव्या संभाषणानंतर सगळ्यांचाच आवाज तुटायला लागेल. एक जादा आला म्हणून फक्त त्याचाच आवाज खराब होत नाही, आधीच्या सर्वांचा होतो. ई-१ वर तसे होत नसे. एकतिसाव्या माणसाला लाईन व्यस्त मिळे आणि तीस जण नीट बोलत राहत. क्षमतेचा आकडा जुळवताना वागणुकीतला हा फरक कोणत्याही रूपांतर-तक्त्यात दिसत नाही.

जी.७२९ ही आवाज आकुंचित करण्याची पद्धत वापरली तर मूळ आवाज ८ केबीपीएसवर येतो, पण आवरणांसह तो आयपीवर २४ होतो. म्हणजे आठपट बचत कागदावरच राहते. प्रत्यक्षात ती तिपटीहून थोडीच अधिक असते. फायबरवर जागा असेल तर जी.७११ च ठेवावे असे माझे स्पष्ट मत आहे.

माळरान (उदगीर)

मी फायबर जोडणीचे काम करतो. घरोघरी आणि कारखान्यांत जाताना जे नेहमी दिसते ते लिहितो.

पहिली गोष्ट बिट आणि बाइट यांची. दरपत्रकात एमबीपीएस असते, म्हणजे मेगाबिट. फाईल उतरवताना संगणक मेगाबाइट दाखवतो. इंग्रजीत लिहिताना लहान बी बिटासाठी आणि मोठा बी बाइटासाठी असतो, पण दरपत्रके छापणारेच तो नियम पाळत नाहीत. १०० एमबीपीएसला ८ ने भागले की १२.५ मेगाबाइट येतात. आवरणे वजा जाता हाती ११.८७ येतात, कारण प्रत्येक मोठ्या पाकिटाला तारेवर लागणाऱ्या १,५३८ बाइटपैकी १,४६० बाइटच आपल्या मजकुराचे असतात. संगणक १०२४ च्या पटीत दाखवत असेल तर त्याचेच ११.३ दिसतात. ग्राहक म्हणतात लाईन कमी वेगाची दिली; खरे तर ती पूर्ण वेगाने चालू असते.

दुसरी गोष्ट ९४ या आकड्याची. २०० किंवा ३०० एमबीपीएसची जोडणी घेतली आणि वेगचाचणी ९४ च्या आसपास अडकून बसली, तर फायबरला दोष देण्याआधी राउटरपासून संगणकापर्यंतची तार पाहावी. गिगाबिटला, म्हणजे १,००० एमबीपीएसला, तारेतील चारही जोड्या लागतात; १०० एमबीपीएसला दोनच, १-२ आणि ३-६ क्रमांकाच्या. उरलेल्या दोन जोड्यांपैकी एखादी तार टोपीत (टोकाच्या प्लगमध्ये) नीट बसली नसेल किंवा उंदराने कुरतडली असेल, तर दोन्ही उपकरणे आपसात ठरवून १०० वर उतरतात आणि कोणतीही चूक दाखवत नाहीत. टोपी कापून आठही तारांचे रंग पुन्हा क्रमाने लावून दाबली की वेग परत येतो. गोदामात आणि काट्याच्या खोलीत धुळीमुळे व ओलाव्यामुळे टोपीतील धातूच्या पट्ट्या काळ्या पडतात, तेही तपासावे.

तिसरी गोष्ट गोदाकाठ यांना आवडेल. आमच्या जीपॉन यंत्रणेचा (एक तंतू अनेक ग्राहकांत वाटणाऱ्या फायबर पद्धतीचा) खाली येणारा वेग २.४८८ जीबीपीएस आहे आणि वर जाणारा १.२४४. खालचा नेमका आकडा २,४८८.३२ एमबीपीएस. तो कुठून आला असेल?

गोदाकाठ (नांदेड)

माळरान यांनी विचारल्याचा खरोखर आनंद झाला. तो आकडा एसटीएम-१६ चा, म्हणजे दूरसंचार खात्याच्या फायबर-जाळ्यातील प्रवाहाच्या एका श्रेणीचा आहे. एसटीएम-१ च्या एका चौकटीत ९ ओळी आणि २७० स्तंभ, म्हणजे २,४३० बाइट असतात आणि अशा चौकटी सेकंदाला ८,००० जातात, त्यातून १५५.५२ एमबीपीएस मिळतात. त्याची सोळापट २,४८८.३२. जीपॉनची खाली येणारी चौकटही १२५ मायक्रोसेकंदांची, म्हणजे सेकंदाला तितक्याच ८,०००, आणि तिच्यात ३८,८८० बाइट असतात. आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेण्याची जी लय पीआरआयमध्ये आहे, तीच भारतनेटच्या जीपॉन जोडणीतून गावोगावी पोहोचली आहे. काळीमाती यांच्या तक्त्यात जुने आणि नवे हे दोन वेगळे परिवार म्हणून लिहिण्याची गरज नाही; दोन्हींचे मोजमाप एकाच मुळातून येते.

व्यवहाराच्या दृष्टीने एवढे लक्षात ठेवावे की हा वेग एका तंतूवरील सर्व ग्राहकांत वाटला जातो. ३२ ग्राहकांत विभागणी असेल आणि सगळे एकदम पूर्ण वेग मागू लागले तर प्रत्येकाच्या वाट्याला ७७.७६ एमबीपीएस येतात, प्रत्यक्षात त्याहून थोडे कमी. लीज लाईनचे २.०४८ मात्र रात्रंदिवस आपलेच असतात.

काळीमाती (परभणी जिल्हा)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तक्त्यात आता प्रत्येक लाईनीसाठी तीन रकाने केले आहेत : तारेवरचा मूळ वेग, हाती येणारा मजकूर, आणि आयपीवर नेल्यावर लागणारी जागा. पीआरआयच्या ओळीत २.०४८, १.९२० आणि २.६१६ असे आकडे आले आहेत.

एक शेवटची शंका आहे. रात्री कारखान्याच्या नोंदींची प्रत संभाजीनगरच्या सर्व्हरवर पाठवायची आहे. संगणक तिचे आकारमान २० जीबी दाखवतो आणि तो १०२४ च्या पटीत मोजतो. पहाटे ४ वाजता पाळी बदलते, त्याआधी ती पोहोचली पाहिजे. रात्री ११ ला सुरू केली तर वर पाठवण्याचा (अपलोड) वेग १० एमबीपीएस असेल तर पुरेल का?

बालाघाट (अंबाजोगाई)

१०२४ च्या पटीत २० जीबी म्हणजे २१,४७,४८,३६,४८० बाइट. ८ ने गुणून १ कोटीने भागले की १७,१८० सेकंद येतात. आवरणांसाठी ०.९४९ ने (माळरान यांच्या १,४६० भागिले १,५३८ ने) भागले की सुमारे १८,१०० सेकंद, म्हणजे ५ तास २ मिनिटे. ११ ला सुरू केले तर ४ वाजून गेलेले असतील. आकारमान हजाराच्या पटीत धरून आवरणे सोडून दिली असती तर ४ तास २६ मिनिटे आले असते आणि कागदावर सगळे वेळेत बसले असते. जुन्या लीज लाईनवर हीच प्रत पाठवायला आवरणे न धरताही २३ तासांहून अधिक लागले असते.

माळरान (उदगीर)

दरपत्रकात वर पाठवण्याचा वेग स्वतंत्र लिहून घ्यावा, कारण बहुतेक ठिकाणी मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा खाली येणाऱ्या वेगाचा असतो. वरचा २० एमबीपीएस लेखी मिळाला तर हे काम अडीच तासांत होईल, आणि मध्येच वीज जाऊन प्रत अर्धवट राहिली तर त्याच रात्री पुन्हा पाठवायलाही वेळ उरेल.

काळीमाती (परभणी जिल्हा)

२० एमबीपीएस वर पाठवण्याचा वेग आणि वाटणी न होणारी जोडणी, अशा दोन अटी दरपत्रकाच्या मागणीत घातल्या आहेत. काट्याच्या खोलीतील तारेच्या टोप्या उद्या उघडून पाहतो.